पांखरांना क्रमांक देणारे गुरुजी : हान्स मॉर्टेन्सन

दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास आपल्या महाराष्ट्रांतील तळीं, धरणें व खाड्या परक्या पाहुण्यांनीं गजबजून जातात. रानबदकांचे थवे पाण्यावर उतरतात. किनाऱ्यावरील चिखलांत लांब चोंचीचे चिमुकले पक्षी धांवूं लागतात. आणि एखाद्या वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावर मासे धरून खाणारा ऑस्प्रे नांवाचा शिकारी पक्षी पाण्याकडे दृष्टि लावून बसलेला दिसतो. शिमगा सरला कीं हे पाहुणे हळूहळू नाहींसे होतात. ते आले कोठून व गेले कोठें, हा प्रश्न लहान मुलास सुद्धां सुचण्यासारखा आहे. परंतु त्याचें खात्रीचें उत्तर मिळण्यास मनुष्यजातीला हजारों वर्षें लागलीं. तें उत्तर मिळविण्याची वाट ज्या पुरुषानें दाखविली तो कोणी राजा नव्हता, कीं एखाद्या विद्यापीठाचा विख्यात आचार्यही नव्हता. तो एका लहानशा नगरांतील शाळेंत शिकविणारा शिक्षक होता. त्याचें चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्राचीन लोकांनीं या प्रश्नाचा विचारच केला नव्हता असें नाहीं. आपल्या संस्कृत कवींनीं पावसाळ्याच्या आरंभीं हंस मानस सरोवराकडे जातात असें वर्णन केलें आहे. ग्रीस देशांतील थोर तत्त्ववेत्ता आरिस्टॉटल यास क्रौंच पक्षी दूरदेशीं जातात हें ठाऊक होतें. परंतु कित्येक पाकोळ्या हिंवाळ्यांत पिसें गळलेल्या स्थितींत बिळांत दडून राहतात, असेंही त्यानें लिहून ठेविलें. १५५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत ओलाउस मॅग्नस या स्वीडिश धर्माधिकाऱ्यानें सांगितलें कीं, पाकोळ्या थंडींत पाण्याखालीं एकत्र गोळा होऊन पडून राहतात व कोळ्यांच्या जाळ्यांत माशांबरोबर वर येतात. सतराव्या शतकांत चार्ल्स मॉर्टन नांवाच्या इंग्रज विद्वानानें तर पक्षी चंद्रावर जात असावेत असें प्रतिपादन केलें! आज आपणांस या कल्पनांचें हंसूं येतें. तथापि त्या विद्वानांस हंसण्यापूर्वीं आपण एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. डोळ्यांआड झालेल्या पांखराचें पुढें काय झालें हें समजण्याचें कांहींच साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. जेथें साधन नसतें तेथें तर्क सुरू होतो, आणि तर्काला लगाम नसला म्हणजे तो चंद्रापर्यंत जाऊन पोंचतो.

१८२२ सालीं एक विलक्षण प्रकार घडला. जर्मनींतील मेक्लेनबुर्ग प्रांतांत क्ल्यूट्स या गांवानजीक एक पांढरा करकोचा मारण्यांत आला. त्याच्या मानेंतून एक लांब भाला आरपार गेलेला होता, आणि तो भाला आफ्रिकेंतील लांकडाचा होता! आफ्रिकेंत कोणा शिकाऱ्यानें मारलेला भाला मानेंत वागवीत तो पक्षी भूमध्य समुद्रापलीकडील आपल्या मायभूमीस परत आला होता. पेंढा भरून ठेवलेला तो करकोचा रोस्टोक येथील विद्यापीठांत अजून पाहावयास मिळतो. करकोचे हिंवाळ्यांत आफ्रिकेस जातात याचा असा डोळ्यांदेखत पुरावा मिळाला खरा; परंतु तो केवळ दैवयोगानें मिळाला. शास्त्र दैवयोगावर चालत नाहीं. पक्ष्याला इजा न करितां त्याच्या अंगावर एखादी निश्चित खूण करतां आली, आणि ती खूण दूरदेशच्या माणसास वाचतां आली, तरच हें कोडें सुटणार होतें.

ती युक्ति ज्यांनीं सिद्धीस नेली ते हान्स क्रिश्चन कॉर्नेलिउस मॉर्टेन्सन हे ता. २७ ऑगस्ट १८५६ रोजीं डेन्मार्क देशांत जन्मले. डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेस समुद्रांत शिरलेला लहानसा सखल देश आहे. त्याच्या जटलंड नामक द्वीपकल्पांत व्हिबोर्ग हें जुनें नगर आहे. गांवांत पुरातन कॅथीड्रल असून लगतच रमणीय तळीं आहेत. या कॅथीड्रलच्या नांवानें चालणारी शाळा डेन्मार्कमधील अतिशय जुन्या शाळांपैकीं एक होय. त्या शाळेंत मॉर्टेन्सन हे शिक्षक होते. पक्ष्यांविषयीं त्यांस इतकी आवड कीं, लोक त्यांस कौतुकानें पक्षीवाले मॉर्टेन्सन असेंच म्हणूं लागले.

त्यांचें लक्ष प्रथम ज्या पक्ष्याकडे गेलें तो कांहीं दुर्मिळ नव्हता. स्टार्लिंग नांवाचा हा पक्षी आपल्या साळुंकीचा जवळचा नातेवाईक असून तिच्याप्रमाणेंच माणसाच्या शेजारीं राहणारा, गलबल्या व धीट असा आहे. झाडांच्या ढोलींत किंवा माणसांनीं टांगून ठेवलेल्या लांकडी पेटींत तो घरटें करितो. वसंतऋतूंत व्हिबोर्गच्या बागांतून तो दिसे. हिंवाळा आला कीं त्यांतील बहुतेक पक्षी निघून जात. पुढील वसंतांत पेटीजवळ पुन्हां स्टार्लिंग दिसत. परंतु ते गेल्या वर्षींचेच कीं दुसरे? हें कोणास सांगतां येणार? एक स्टार्लिंग हुबेहुब दुसऱ्यासारखा. मॉर्टेन्सन यांस वाटलें कीं, वर्गांतील मुलांचीं नांवें हजेरीपटांत असतात म्हणून कोण आलें व कोण गेलें हें कळतें. तसा पांखरांचाही हजेरीपट ठेवतां आला पाहिजे.

१८९० सालीं त्यांनीं पहिला प्रयोग केला. जस्ताच्या पट्टीचे वाळे करून ते त्यांनीं स्टार्लिंगच्या पायांत घातले. परंतु जस्त जड पडलें. जो पक्षी आपल्या अंगच्या प्रत्येक गुंजेचा हिशेब करून उडतो त्याच्या पायांत असलें ओझें घालणें बरें नव्हे, हें मॉर्टेन्सन यांस दिसून आलें. शिवाय, ज्या खुणेमुळें पक्ष्याचें वागणें बदलतें त्या खुणेवरून त्याच्या नैसर्गिक प्रवासाची माहिती ती काय मिळणार? त्यांनीं तो प्रयोग तेथेंच थांबविला. घाईनें पुढें जाण्यापेक्षां योग्य साधन मिळेपर्यंत थांबणें त्यांनीं पसंत केलें. असे थांबण्यांत त्यांचीं नऊ वर्षें गेलीं.

तें साधन दुसऱ्याच एका शास्त्रानें त्यांच्या हातीं दिलें. अल्युमिनियम हा धातु आज आपल्या स्वयंपाकघरांतील पातेल्यांत पाहावयास मिळतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो इतका दुर्मिळ होता कीं त्याची गणना मौल्यवान् धातूंत होत असे. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोन तरुणांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, विजेच्या साहाय्यानें तो मातींतून वेगळा काढण्याची स्वस्त रीत शोधून काढली. पुढें थोड्याच वर्षांत त्याची किंमत झपाट्यानें उतरली. हा धातु हलका, न गंजणारा व सहज वांकविण्याजोगा. मॉर्टेन्सन यांस हवें होतें तें नेमकें हेंच. त्यांनीं त्याच्या पातळ पत्र्याचे वाळे तयार केले व प्रत्येक वाळ्यावर व्हिबोर्गचें नांव आणि एक क्रमांक उमटविला.

१८९९ सालच्या जून महिन्यांत त्यांनीं आपल्या कामास आरंभ केला. घरट्यासाठीं टांगलेल्या पेट्यांस त्यांनीं अशी युक्तीची रचना केली होती कीं, पक्षी आंत शिरला म्हणजे दार आपोआप बंद व्हावें. मग ते हलक्या हातानें पक्ष्यास बाहेर काढीत, त्याच्या पायांत वाळा घालीत, क्रमांक टिपून घेत व त्यास सोडून देत. अशा रीतीनें त्या वर्षीं त्यांनीं १६५ स्टार्लिंगांस वाळे घातले. त्यांच्या आधींही कित्येकांनीं हौसेनें पांखरांच्या पायांत दोरे वा कडीं बांधलीं होतीं. मॉर्टेन्सन यांची थोरवी यांत आहे कीं, त्यांनीं प्रत्येक पांखरास त्याचा स्वतःचा क्रमांक दिला, तो नोंदून ठेविला, आणि वाळा सांपडल्यास तो कोठें कळवावा हें वाळ्यावरच लिहिलें. त्या दिवसापासून स्टार्लिंग ही केवळ एक जात राहिली नाहीं; त्यांतील प्रत्येक पक्ष्यास त्याचें स्वतःचें चरित्र प्राप्त झालें.

येथें आमच्या वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. वाळा घालून पांखरूं सोडलें म्हणजे काम अर्धें सुद्धां होत नाहीं. उरलेलें काम ज्याच्या हातीं असतें तो मनुष्य कोण, कोठला, कोणती भाषा बोलणारा, हें वाळा घालणारास कधींच ठाऊक नसतें. कोणा अनोळखी शेतकऱ्यास, कोळ्यास वा शिकाऱ्यास मेलेलें पांखरूं सांपडावें, त्यानें पायांतील तो इवलासा वाळा पाहावा, तो फेंकून न देतां अक्षरें वाचावीं, आणि कांहींएक लाभ नसतां, पदरचा टपालखर्च सोसून, न पाहिलेल्या गांवीं पत्र पाठवावें! इतक्या गोष्टी जुळून येतील यावर विश्वास ठेवून मॉर्टेन्सन काम करीत राहिले. आपण करीत असलेल्या कामाची माहिती लोकांस व्हावी म्हणून त्यांनीं लेख लिहिले. आणि तो विश्वास वायां गेला नाहीं. उत्तरें येऊं लागलीं.

स्टार्लिंगांच्या मागोमाग त्यांनीं इतरही पक्षी हातीं घेतले. त्यांत करकोचे होते, बगळे होते आणि रानबदकें होतीं. जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत फॅनो नांवाचें एक बेट आहे. तेथें रानबदकें पकडण्यासाठीं मुद्दाम खोदलेलीं तळीं असत. तळ्यास जोडून वांकडे पाट काढलेले, त्यांवर जाळें ताणलेलें, आणि माणसाळविलेल्या बदकांच्या मागोमाग रानटी बदकें त्यांत फसून शिरत, असा तो बेत होता. पकडलेलीं बदकें मारून बाजारांत विकलीं जात. १९०७ सालच्या सुमारास मॉर्टेन्सन यांनीं तेथील टील जातीच्या शंभरेक लहान बदकांस वाळे घालून जीवदान दिलें. बदकांची शिकार युरोपभर होत असल्यामुळें थोड्याच काळांत ब्रिटन, फ्रान्स इत्यादि देशांतून त्यांच्याविषयीं बातम्या आल्या. नकाशावर ते ठिपके मांडतांच दिसूं लागलें कीं, उत्तरेकडील हीं बदकें थंडीच्या दिवसांत युरोपच्या पश्चिमेस व दक्षिणेस पसरतात. वाळ्याची रीत उपयोगी आहे हें आतां निर्विवाद सिद्ध झालें.

या बातम्यांत एक खेदाचीही गोष्ट होती. त्या काळीं वाळा वाचावयाचा म्हणजे पक्षी हातीं यावा लागे, आणि तो हातीं येई तो बहुधा मेलेला. ज्या पांखरास आपण जपून सोडलें त्याची पहिली वार्ता हीच त्याच्या मृत्यूची वार्ता, असा अनुभव मॉर्टेन्सन यांस वारंवार आला असला पाहिजे. तथापि पांखरूं मरावयाचें तें वाळा नसतांही मेलेंच असतें. वाळ्यामुळें त्याचें मरण अगदींच मुकें राहिलें नाहीं. त्यानें आपल्या जातभाईंच्या मार्गाची साक्ष देऊन ठेविली.

व्हिबोर्गच्या या शिक्षकाचें उदाहरण पाहून इतर देश जागे झाले. बाल्टिक समुद्राच्या कांठीं, जर्मनीच्या तत्कालीन पूर्व सीमेजवळ, रोसिटेन या गांवीं योहानेस थिनेमान यांनीं १९०१ सालीं पक्षिनिरीक्षणाचें ठाणें स्थापिलें होतें. तेथें १९०३ सालापासून वाळे घालण्यास सुरुवात झाली. तेथील व इतर देशांतील वाळ्यांवरून करकोच्यांचे दोन मोठे राजमार्ग उघड झाले. पश्चिम युरोपांतील करकोचे जिब्राल्टरच्या बाजूनें आफ्रिकेंत उतरतात, तर पूर्वेकडील करकोचे बॉस्फरसवरून आशियामायनर व पॅलेस्टाइनमार्गें जातात. विस्तीर्ण समुद्र दोघेही टाळतात. कारण जमिनीवर तापलेली हवा वर चढते तिच्या आधारानें तरंगत जाण्याची त्यांची रीत, आणि समुद्रावर तशी हवा मिळत नाहीं. १९०९ सालीं ब्रिटनमध्यें हें काम सुरू झालें. तेथील स्टॅफर्डशायर परगण्यांत ६ मे १९११ रोजीं एका पाकोळीच्या पायांत वाळा घालण्यांत आला. ती २३ डिसेंबर १९१२ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांत सांपडली. आरिस्टॉटलनें बिळांत आणि ओलाउसनें तळ्याच्या तळाशीं निजविलेली पाकोळी अर्धें जग ओलांडून जाते, हें अशा रीतीनें एका चिमुकल्या वाळ्यानें शाबीत केलें.

आपल्या देशांतही हा वाळा येऊन पोंचला. १८८३ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९२६-२७ च्या सुमारास धार संस्थानच्या पवार महाराजांच्या साहाय्यानें रानबदकांस वाळे घालविले. पुढें १९५९ सालीं सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखालीं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनें याच संस्थेनें मोठ्या प्रमाणावर हें काम हातीं घेतलें. आपल्याकडे हिंवाळ्यांत येणारीं बदकें मध्य आशिया व सायबेरियापर्यंत जातात, हें त्यामुळें वाळ्यांच्या प्रत्यक्ष पुराव्यानें ठरलें. मुंबईचें नांव कोरलेला वाळा हिमालयापलीकडील पारध्याच्या हातीं पडावा आणि त्यानें तो कळवावा, ही व्हिबोर्गच्या हजेरीपटाचीच पुढील पानें होत.

मॉर्टेन्सन हे ता. ७ जून १९२१ रोजीं निवर्तले. तोंपर्यंत त्यांनीं हजारों पक्ष्यांस वाळे घातले होते. शाळेचें काम सांभाळून फावल्या वेळांत केलेला हा उद्योग जगभर पसरलेला त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिला. पक्ष्यांचें स्थलांतर हा तर्काचा विषय होता तो त्यांच्या हातून मोजमापाचा विषय झाला.

आज साधनें फार पुढें गेलीं आहेत. आरंभीं ज्याचा उल्लेख केला त्या ऑस्प्रे पक्ष्याचेंच उदाहरण घेऊं. हा पक्षी वजनानें सुमारें दीड किलोग्रॅम असतो. त्याच्या पाठीवर तीसेक ग्रॅम वजनाचें, सूर्यप्रकाशावर चालणारें यंत्र हलक्या पट्ट्यांनीं बसवितात. तें यंत्र पक्षी कोठें आहे हें आकाशांतील उपग्रहामार्फत संशोधकास कळवितें. स्वीडनमधील संशोधकांनीं १९९५ सालापासून ऑस्प्रे पक्ष्यांचा अशा रीतीनें मागोवा घेतला. इतर देशांनींही घेतला. त्यावरून जें दिसून आलें तें वाचून मन थक्क होतें. उत्तर युरोपांतील ऑस्प्रेची मादी उन्हाळा संपतां संपतां आधीं निघून जाते. बाप कांहीं दिवस पिलांना मासे आणून देतो. मग एके दिवशीं तीन महिन्यांचेंही न झालेलें पिलूं घरटें सोडून एकटेंच दक्षिणेची वाट धरितें. बरोबर आई नाहीं, बाप नाहीं, भावंड नाहीं; आणि पुढें युरोप खंड, भूमध्य समुद्र व सहारा वाळवंट ओलांडून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत हजारों किलोमीटरांचा प्रवास! दिशेचें ज्ञान त्याला जन्मतःच मिळालेलें असतें. परंतु वाऱ्याशीं कसें वागावें हें त्यास अनुभवानें शिकावें लागतें. प्रौढ पक्षी वाऱ्याने बाजूस लोटला जात असतां आपला मार्ग सांवरून घेतो, तर पहिल्या प्रवासांतील पिलूं वाऱ्याबरोबर भलतीकडे वाहवत जातें, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. आणि त्या अभ्यासांत मॉर्टेन्सन यांच्या डेन्मार्कमधील संशोधकही सहभागी होते. कांहीं पिलें वाळवंटांत अगर समुद्रावर नाहींशीं होतात, त्यांच्या यंत्रांचा संदेश बंद पडतो. जीं सुखरूप पोंचतात तीं दोनतीन वर्षें तेथेंच राहून, मोठीं होऊन मग मायदेशीं परततात.

या माहितीचा उपयोग केवळ जिज्ञासा शमविण्यापुरता नाहीं. जो पक्षी वर्षाचे कांहीं महिने स्वीडनच्या तळ्यावर, कांहीं दिवस स्पेनच्या नदीवर आणि उरलेले महिने सेनेगलच्या खाडींत घालवितो, त्याचें रक्षण एकट्या स्वीडननें कसें करावें? त्याचा मार्ग कळला म्हणजे त्या मार्गावरील प्रत्येक पाणवठा राखणें हें सर्वांचें काम ठरतें. एका देशानें वाढविलेलें लेंकरूं दुसऱ्या देशाच्या स्वाधीन होतें, आणि तिसऱ्यानें त्याला वाट द्यावयाची असते. पांखरांस सरहद्द ठाऊक नाहीं. परंतु माणसाच्या सद्बुद्धीवांचून त्यांचा निभाव आज लागत नाहीं.

मॉर्टेन्सन यांच्या काळचा वाळा व आजचें यंत्र यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तथापि मूळ नियम त्यांनींच घालून दिलेले आहेत. साधन इतकें हलकें असावें कीं पक्ष्यास त्याची अडचण होऊं नये, हा धडा १८९० सालच्या जस्ताच्या वाळ्यानें शिकविला. प्रत्येक पक्ष्याची वेगळी नोंद असावी, हा धडा १८९९ सालच्या क्रमांकांनीं शिकविला. आणि इतकीं यंत्रें निघालीं तरी पायांतील साधा वाळा अजून रजा घेऊन गेलेला नाहीं. तो स्वस्त आहे, त्यास वीज लागत नाहीं, आणि तो पक्ष्यास जन्मभर सोबत करितो.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून घेण्यासारखा बोध आम्हांस तरी असा दिसतो. मॉर्टेन्सन यांच्याजवळ धन नव्हतें, मोठी प्रयोगशाळा नव्हती. एक सामान्य पांखरूं, एक पत्र्याचा तुकडा, एक नोंदवही आणि दांडगी चिकाटी एवढ्याच भांडवलावर त्यांनीं जुनें कोडें सोडविण्याची वाट मोकळी केली. चूक झाली तेथें ते थांबले. साधन मिळालें तेव्हां पुन्हां उठले. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, त्यांनीं अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणावर भरवसा ठेविला. तो भरवसा खरा करणें हें आतां आपणां सर्वांचें काम आहे. एखाद्या तळ्याकांठीं वा समुद्रकिनारीं वाळा घातलेलें मृत पांखरूं तुमच्या दृष्टीस पडलें, तर वाळ्यावरील अक्षरें व क्रमांक नीट उतरून घ्या, स्थळ व दिवस लिहा, आणि वाळ्यावर ज्या संस्थेचें नांव असेल तिला कळवा. पांखरूं जिवंत असेल तर वाळा काढूं नका. वाचतां येईल तेवढें वाचा आणि त्याला त्याच्या वाटेनें जाऊं द्या. कोठें तरी दूर देशीं एखादा मनुष्य नोंदवही उघडून तुमच्या पत्राची वाट पाहत असेल.